गावाला गेलेल्या बाईंचं पिंप

अनसूयाबाई पुण्याला निघाल्या आहेत, हे सोलापूरच्या शेळगीतल्या त्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. आठ दिवस बाई दुसरं काही बोलतच नव्हत्या. दूधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला तर कपडे द्यायचे नसताना मुद्दाम थांबवून सांगितलं. "भाचीला मुलगी झालीय. ज्ञानदाला. माझ्याकडंच वाढली ना ती, पाचवीपासून बारावीपर्यंत. आता तीन महिने तरी मी काही तुम्हाला दिसत नाही."

"जावा की बाई, बिनघोर जावा," इस्त्रीवाला म्हणाला आणि पुन्हा आपल्या कोळशांकडं वळला.

बिनघोर जायला पिंप आडवं येत होतं.

बाईंच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, पन्हळीच्या तोंडाखाली दोन दगडांवर ते उभं होतं. लाकडी. कमरेपेक्षा थोडं उंच, पोटाला फुगीर, सहा लोखंडी कड्यांनी आवळलेलं. सोलापुरात असलं पिंप दुसरं कुणाच्या दारात असेल, तर बाईंनी तरी पाहिलेलं नव्हतं. पावसाळ्यात ते गच्चीवरच्या पाण्यानं काठोकाठ भरायचं, आणि ते पाणी बाई पुरवून पुरवून वापरायच्या. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर खडखडत राहते; या पाण्यात लोण्यासारखी शिजते. पण संक्रांत गेली की पाणी तळाला जायचं, आणि तिथून पुढं पिंपाचेच लाड सुरू व्हायचे.

"नीट ऐका हं, सावित्रम्मा," रविवारी बाईंनी शेजारणीला अंगणात उभं करून समजावलं.

"ऐकतीय की."

"रोज सकाळी एक कळशी आत. अर्धी तळाला, आणि अर्धी वरच्या फळ्यांवर आतून मारायची. बाहेरचं गोणपाट भिजवायचं. मग हे फडकं ताणून दोरीनं बांधायचं. दोरीनं. नुसतं टाकायचं नाही."

"व्हय."

"लाकूड सुकलं की आक्रसतं. फळ्यांमधे फटी पडतात, कड्या घसरतात. एकदा सुटलं की संपलं. आपल्याकडं हे परत बांधणारं कुणी नाही."

सावित्रम्मानं पिंपाकडं पाहिलं, मग बाईंकडं. "म्हंजी पुढं पाणी ऱ्हावं म्हणून आता पाणी पाजायचं."

"अगदी बरोबर."

"बाई, त्यापरीस म्हस पाळली असती, तर दूध तरी दिलं असतं की."

बाई हसल्या नाहीत. चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाई. वर्गात मागच्या बाकावरून कुणी बोललं की चष्म्यावरून जशा बघायच्या, तशा बघत राहिल्या. "'म्हस' नाही, सावित्रम्मा. म्हैस."

"तीच वो," सावित्रम्मा म्हणाली.

पिंप आणून दिलं होतं गुंडा नावाच्या एकानं. बाईंचा जुना विद्यार्थी. गणितात सदा नापास, पण टेंभुर्णीला हायवेवर भंगाराचं दुकान काढून जम बसवलेला. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षीच ज्ञानदा लग्न होऊन पुण्याला गेली. घरात दिवसभर ऐकू येईल असा आवाज घड्याळाचा तेवढा उरला. तेव्हा गुंडाचा फोन आला, "बाई, तुमी पावसाच्या पाण्याचं म्हणत हुता न्हवं? एक लाकडी पिंप आलंय. लाकूड लई भारी." टेम्पोतून पिंप उतरलं तेव्हा कळलं, की ते हायवेवरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं वाईनचं पिंप आहे. पोटावर द्राक्षांचा घड कोरलेला होता, म्हणजे लपवायचीही सोय नव्हती.

बाईंचं घराणं देवळातल्या पुजाऱ्यांचं. गल्लीला महिनाभर विषय पुरला. बाईंनी मात्र, शाळेत विज्ञान शिकवलेलं म्हणून इरेला पेटून सोडा आणि उकळत्या पाण्यानं पिंप चारदा धुतलं, बाहेरून जवसाचं तेल चोळलं, आणि पाऊस झाल्यावर निवृत्तीची सत्यनारायणाची पूजा घातली. आलेल्या बायकांना पन्हं दिलं, ते पिंपातल्या पाण्याचं. बायका प्रसाद खाऊन उठल्या. पेले जसेच्या तसे भरलेले राहिले. सावित्रम्मानं तर आपला पेला उचलून, दारातल्या तुळशीत ओतला. बाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर त्यांनी कुणाला घरी बोलावलं नाही, आणि कुणाचा उंबराही ओलांडला नाही. शेजार म्हणजे कुंपणावरून दोन शब्द, तेवढाच.

पुण्याहून सुरुवातीला फोन यायचे. "आत्या, दिवाळीला ये." "आत्या, चार दिवस तरी." बाई म्हणायच्या, "पिंप सोडून कशी येऊ गं? सुकून सुटेल." पहिली दोन वर्षं ते खरंही होतं. पुढं ती सवय झाली, आणि पुढं पुढं कुणी ये म्हणायचंच बंद झालं. तरी कुणी विचारलं की बाई तयार असायच्या, "छे हो, जाणार कुठं? हे पिंप आहे ना!"

म्हणून या वेळी ज्ञानदानं आठव्या महिन्यात, "आत्या, बाळंतपणाला तू असलीस तर बरं वाटेल गं," असं एकदाच, हळूच म्हटलं, तेव्हा बाईंनी दुसरा शब्द येऊ दिला नाही. येते म्हणाल्या. डिंकाचे लाडू वळले, शेंगांची चटणी कुटली, कडक भाकरी केल्या, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. आणि सोमवारी सकाळी सहा वाजता दाराला कुलूप घालून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "येते हं, सावित्रम्मा!" म्हणून रिक्षात बसल्या.

फोन फलाटावर आला.

"आत्या, गाडीत बसलीस?"

"नाही गं, अजून लागायचीय. अर्धा तास उशीर आहे म्हणे. तू का उठलीस इतक्या लवकर? बाळी झोपू देत नाही का?"

"बरं झालं. म्हणजे, ऐक ना आत्या. काल रात्री आशिषच्या आई आल्या. अचानकच. मालिशवाली पण त्यांनीच ठरवलीय. आणि घर तसं लहान आहे ना आमचं. तर तू आत्ता नको येऊस. बारशाला ये. सव्वा महिन्यानं करणार आहोत, सगळेच येतील तेव्हा."

बाईंच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अगं, पण मी सगळी व्यवस्था लावून..."

"माहितीय गं. आणि तुझं पिंप असतं ना तिथं. मी आशिषला म्हटलंच, आत्याला जिवावर आलं असेल पिंप सोडून यायला. आता तुझीपण ओढाताण नको. हो ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "हो, तेही आहेच."

गाडी आली. लोक चढले. गाडी गेली. बाई बाकावरच बसून राहिल्या. रिक्षा करावी, घरी जावं. सरळ होतं सगळं. पण गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला असणार, पुढं नळाच्या रांगेतल्या बायका, आणि कुंपणाशी सावित्रम्मा. "काय बाई, परत आलात?" प्रत्येकाला तेच सांगायचं. नको म्हणाली. नको म्हणाली. नको म्हणाली.

काहीही होवो, हे गल्लीला कळता कामा नये. एवढं एकच त्यांनी फलाटावर मनाशी धरलं.

दुपारी दोनला, सोलापूरच्या मे महिन्यात कुत्रंसुद्धा गटारीच्या सावलीला पडलेलं असतं. तेव्हा बाई मागच्या बोळातून आल्या. पुढं वळून कुलूप काढलं, आत शिरून मागच्या दाराची कडी काढली, पुन्हा बाहेर येऊन पुढं कुलूप घातलं, आणि पिशव्या घेऊन मागच्या दारानं आत गेल्या. दाराला आतून कडी. आजचा दिवस जाऊ दे, उद्या बघू, असं त्या स्वतःला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फाटक वाजलं.

बाईंनी धावत जाऊन पंखा बंद केला. स्वयंपाकघराच्या खिडकीची फळकुटं लावलेली होती, पण मधल्या फटीतून पिंप आणि त्याच्या अलीकडची हातभर जागा दिसायची. सावित्रम्मा आली. तिनं फडकं काढलं, कळशी ओतली, तळहातानं फळ्यांवर पाणी मारलं. अगदी नीट. मग गोणपाट भिजवलं. मग फडकं उचललं, पिंपाच्या तोंडावर टाकलं आणि वर एक दगड ठेवला.

दोरी! बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. दोरी, सावित्रम्मा, दोरी! ती काय, खिळ्याला अडकवलीय!

सावित्रम्मा निघून गेली. एक बाजू उघडी राहिली, चार बोटं. उघड्या फटीवर एक चिलट घिरट्या घालू लागलं. आयुष्यभर ज्यांनी चुकलेली एक वेलांटी सोडली नाही, त्या बाई ती चार बोटांची फट दिवसभर बघत बसल्या. बाहेर जाऊन बांधावी, तर उद्या सावित्रम्मा म्हणेल, कुणी बांधली?

दिवस असे गेले. कुकर लावता येईना, शिट्टी ऐकू जाईल. दूध बंद, पेपर बंद. फोन पहिल्याच दिवशी बंद करून कपाटात ठेवलेला. ज्ञानदानं बाळीचा फोटो पाठवते म्हटलं होतं. बघायचा धीर होत नव्हता. भूक लागली की बाई डबा उघडायच्या. बुधवारपर्यंत भाकरी आणि चटणी संपली. मग डिंकाचे लाडू. बाळंतिणीसाठी साजूक तुपात वळलेले लाडू बाई भर मे महिन्यात, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, एकट्या खात होत्या. गुरुवारी नाकातून रक्त आलं. त्यांनी मान वर केली, कपाळावर पाणी थापलं आणि आवाज होऊ नये म्हणून तशाच जमिनीवर बसून राहिल्या.

त्या घरात आपण नाही, असं म्हणता म्हणता त्यांना खरंच तसं वाटायला लागलं. चालताना पाय उचलून टाकायचे, भांडं ठेवताना खाली हात द्यायचा. चार-चार दिवस कुणाशी बोलायचं नाही, हे काही नवीन नव्हतं. पण आधी दार उघडं असायचं, एवढंच.

सकाळी नऊची वेळ मात्र चुकत नव्हती. आणि हळूहळू सावित्रम्मा पिंपाशी बोलू लागली.

"काय रं पिपा, गेली की तुजी मालकीण. तुला करमतंय का?" बुधवारी. "आमचं बी तसंच. लेक आन सून दोघं बी एमआयडीसीत, टावेलच्या कारखान्यात. सकाळी आठला गेली की घरात मी आन टीव्ही. टीव्ही बोलतो, पर ऐकत न्हाय की."

गुरुवारी ती गोणपाट पिळत म्हणाली, "बाई हुत्या तवा कुंपणाशी दोन शबूद तरी हुते. तसं त्यांच्या म्होरं बोलायचं म्हंजी परीक्षाच. आमचं माहेर अक्कलकोटाच्या पल्याड. आईनं कन्नडात वाढवलं. मराटी मी पाण्याच्या रांगेत शिकले. रांगेत जसं मिळतं तसंच मिळालं, त्याला मी काय करू?"

फटीआड बाईंचे कान तापले.

शुक्रवारी पाणी घालून झालं, तरी ती गेली नाही. पिंपाच्या पोटावरच्या द्राक्षांवरून बोट फिरवत राहिली.

"तुज्यावर माजा राग नव्हता रं," ती म्हणाली. आवाज इतका खाली, की बाईंना फटीला कान लावावा लागला. "त्या पूजेच्या दिशी मी पन्हं तुळशीत ओतलं. बाईंनी बगितलं ते. पर माजा मालक ह्यानंच, दारूनंच गेला. शेवटच्या वक्ताला त्याच्या अंगाला, हातरुणाला, भिंतीला, सगळ्याला तोच वास. पेला तोंडाला लावला आन पोटात ढवळलं. वास आला का मनातच आला, शिवाला ठावं. बाईंना कसं सांगायचं? हितं कुनालाच ठावं न्हाय. आमी सगळ्यास्नी हार्टअटॅक सांगितलाय." तिनं नाक पदराला पुसलं. "तुला आपलं सांगितलं. तू काय बोलणार हायस."

फाटक लागलं. बाई खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या. पंखा लावायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

शनिवारी फाटकातून दोन आवाज आले.

"आरोग्य खात्यातून आलेय मावशी, श्रावणी. पाण्याची भांडी बघायचीत." गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी आणि खडू. तिनं दगड बाजूला केला, फडकं उचललं, आत बॅटरी मारली. "हे बघा. वळवळतंय ना? डासाच्या अळ्या. हे फडकं असं उघडं का ठेवलंय?"

"माजं न्हाय वो हे. बाई गावाला गेल्यात."

"मग तुम्ही करा. आत्ताच्या आत्ता सगळं ओतायचं आणि पिंप उलटं करून उन्हात ठेवायचं. निदान एक दिवस. कोरडा दिवस पाळायचा, दर आठवड्याला सांगतो आम्ही."

"रिकामं करू नका म्हणून बाईंनी लई बजावलंय. सुकलं की फुटतंय म्हणं."

"आणि गल्लीत डेंगी झाला म्हणजे? बाईंना विचारायला जायचं का तेव्हा?"

सावित्रम्मानं पदर खोचला.

खिडकीआड बाईंनी फटीला डोळा लावला. उलटं, उन्हात, एक दिवस. त्रेचाळीस डिग्रीत. संध्याकाळपर्यंत फटी पडतील, सोमवारपर्यंत कड्या खाली येतील. मग त्यांनी स्वतःला समजावलं: जाऊ दे. पिंप गेलं तर गेलं. निदान कुणाला कळणार तरी नाही. अजून थोडे दिवस गप्प बसायचं, मग एखाद्या सकाळी पिशव्या घेऊन गल्लीच्या तोंडातून यायचं. सोपं आहे.

सावित्रम्मानं पिंपाला मिठी घातली आणि तिरपं केलं. आतलं पाणी दुसऱ्या बाजूला आपटलं.

"थांबा! हात काढा आधी!"

चौतीस वर्षं चौसष्ट पोरांना एका दमात गप्प करणारा आवाज होता तो. अंगणातल्या दोघी जागच्या जागी थिजल्या.

"आत कोण आहे?" श्रावणीनं विचारलं.

"कुनी न्हाय. कुलूप हाय बगा."

"मग आवाज कुठून आला?" श्रावणीनं कुलूप बघितलं, खिडकी बघितली, मग सावित्रम्माला आपादमस्तक बघितलं. तिचा आवाज बदलला. "मावशी, खरं सांगा. कुणा म्हाताऱ्या माणसाला कोंडून ठेवलंय का तुम्ही?"

"शिवा शिवा! मी? मी कशाला कोंडू! मी पिंपाला पाणी घालाय येते!"

बाई मागच्या दारानं, बोळातून वळून, पुढच्या फाटकातून आपल्याच अंगणात आल्या. सहा दिवसांची वेणी, डोक्यावर ओला टॉवेल, नाकपुडीशी वाळलेलं रक्त. सावित्रम्मा एक पाऊल मागं सरली. बाईंनी तिच्याकडं बघायचं टाळलं आणि श्रावणीला म्हणाल्या, "मी अनसूया. घर माझंच आहे. मला कुणी कोंडलेलं नाही. अळ्या डोळ्यांदेखत झाल्यात, चूक माझी आहे. पण हे पिंप सुकवता येणार नाही. ओतते, आतून घासते आणि लगेच भरून बांधते. चालेल?"

श्रावणीनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "चालेल. पण भिंती नीट घासा, अंडी फळ्यांना चिकटून असतात. फडकं घट्ट बांधा. मी सोमवारी येऊन बघणार." भिंतीवर खडूनं तारीख लिहून ती गेली, जाता जाता फाटकातून एकदा मागं वळून बघितलंच.

अंगणात दोघी उरल्या.

"कवा आलात?" सावित्रम्मानं विचारलं.

"आधी हे घासून घेऊ. ऊन वाढतंय."

दोघींनी पिंप कलतं करून ओतलं. बाईंनी काथ्या आणला. पिंप खोल, बाईंचा हात तळाला पोचेना. सावित्रम्मानं त्यांच्या हातातून काथ्या घेतला, साडी खोचली आणि डोकं आत घालायला वाकली.

"नको, नको, तुम्ही नका वाकू!" बाईंनी तिचा दंड धरला. "तुम्हाला वासानं ढवळतं."

सावित्रम्मा तशीच अर्धी वाकलेली राहिली. मग सावकाश सरळ झाली.

"हे तुमाला कुनी सांगितलं?"

बाईंनी तिचा दंड सोडला.

"तुमी पुण्याला गेलाच न्हाई," सावित्रम्मा एकेक शब्द मोजून म्हणाली. "तुमी आत हुता. मी रोज बोलत हुते आन तुमी आत हुता."

"हो."

"सगळं ऐकलं?"

"ऐकलं."

काथ्या खाली पडला. सावित्रम्मानं हात पदराला पुसले, फाटक ओढून घेतलं आणि आपल्या घरी गेली. तिनं एक शिवी दिली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाईंनी पिंप आडवं पाडलं, स्वतः जमिनीवर पालथ्या झाल्या आणि खांद्यापर्यंत आत शिरून एकेक फळी घासली. आत अंधार, ओल आणि लाकडाचा आंबूस वास. वाईनचा तो होता की नाही, त्यांना कधीच ओळखता आलं नव्हतं. दगडांवर पिंप परत उभं करताना कंबर मोडली. हौदातलं पाणी कळशीनं आणून ओतलं. फळ्या थोड्या सुकल्याच होत्या. खालच्या कडीशी दोन ठिकाणी पाणी झिरपायला लागलं. ते थांबेपर्यंत हलायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. गोणपाट गुंडाळलं, फडकं ताणून दोरीनं बांधलं आणि सावलीच्या पट्ट्यात बसून राहिल्या. टप, टप. कुणी बघत असेल तर बघू दे. समोरच्या ओट्यावरची एकजण उठून उभी राहिली, तिनं आत कुणाला तरी हाक मारली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं.

अडीचच्या सुमारास झिरपणं थांबलं. लाकूड पाणी पिऊन फुगलं, फटी मिटल्या. आता तिथं बसून राहायला काही कारण नव्हतं.

बाईंनी तोंड धुतलं. वेणी घालायला हात वर केले. पण दंड इतके भरून आले होते, की केस तसेच गुंडाळले. शेजारचं फाटक ढकललं. सावित्रम्माचं दार उघडंच होतं. ती आत जमिनीवर सूप घेऊन ज्वारी निवडत होती. टीव्ही चालू, आवाज बंद. तिनं वर पाहिलं, पुन्हा सुपात पाहिलं.

बाई उंबऱ्याच्या आत येऊन उभ्या राहिल्या.

"सावित्रम्मा, तुमचं मी ऐकलं. न विचारता ऐकलं. आता माझं सांगते." त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "ज्ञानदानं मला येऊ नको म्हणून सांगितलं. स्टेशनवर फोन आला. तिची सासू आलीय, घर लहान आहे, म्हणाली. मला गल्लीत यायची लाज वाटली. म्हणून आत बसले."

सावित्रम्माचा हात सुपात थांबला.

"सहा दिस?"

"सहा दिवस."

"आन खाल्लं काय?"

"डिंकाचे लाडू."

"अय्यो! ह्या उनात? म्हणून नाक फुटलंय की!" ती एकदम बोलून गेली, आणि मग राग आठवून पुन्हा सुपातले खडे वेचू लागली. "मी तितं जे बोलले, ते कुटं बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

"मला अजून राग हाय."

"असू दे."

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बसा म्हणून तिनं म्हटलेलं नव्हतं. दोघींच्या मधे सूप. टीव्हीवर एक बाई काहीतरी हातवारे करून सांगत होती, ऐकू काहीच येत नव्हतं.

"पोरगी कुणावाणी हाय?" सावित्रम्मानं मान वर न करता विचारलं.

"कोण?"

"बाळी वो. तुमच्या ज्ञानदाची."

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "फोटो पाठवला असेल. मी फोन उघडला नाही सोमवारपासून."

"का?"

बाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. सावित्रम्मानं सूप बाजूला सरकवलं. कमरेला हात देत ती उठली आणि चुलीकडं गेली. "मी भाकरी टाकते. तवर जावा, फोन घिऊन या. बगू तरी."

अनसूयाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि फोन आणायला उन्हात निघाल्या.